उसना बर्फ

दाराबाहेर धप्प झालं. खोकं फरशीला टेकल्याचा आवाज. त्यामागून पावलांची घाई, लिफ्टचं दार मिटल्याचा हलका उसासा, आणि पुन्हा काही नाही. माझ्या लेकीचा, दानबीचा हात माझ्या मानेखाली होता. एकेक बोट उचलून मी तो सोडवून घेतला आणि दुसऱ्या धप्पची वाट बघत पडून राहिले. आमच्या घरी खोकी दोन येतात. हिरव्या पट्ट्याचं खोकं माझ्या कंपनीचं, दुरेबाकचं, त्यावर विहिरीचा पोहरा काढलेला. निळ्या पट्ट्याचं माझ्या नवऱ्याच्या, ग्यूहोच्या कंपनीचं, नारुबेचं, त्यावर होडी. दोन्ही कंपन्या एकच काम करतात: माणसं उठायच्या आत त्यांच्या दाराशी भाजी, मासळी, दूध आणून ठेवायचं. समोरच्या घरातल्या आजी म्हणतात, नवरा-बायको जेवतात एका ताटात आणि बाजार करतात दोन दुकानांत, कसला हा संसार! दानबीला मात्र त्यात गंमत वाटते. हिरव्या खोक्यातलं ते अम्माचं, निळ्यातलं ते अप्पाचं. अम्माची काकडी, अप्पाची अंडी. बर्फाच्या थैल्या वितळल्या की तीच कात्रीनं त्यांचा कोपरा कापते आणि पाणी कुंड्यांना घालते. पुदिन्याला अम्माचं, जिरेनियमला अप्पाचं. आज दुसरं धप्प झालं नाही. चुसॉकच्या सणाची गर्दी, रात्ररात्र गोदामात उभा आहे बिचारा, विसरला असेल मागवायला, असं मी मनाशी म्हटलं. ‘बिचारा’ हा शब्द मनात आला तेव्हा तो जरा जास्तच गोड वाटला, आणि मी उठले.

खोकं उघडायला मला दिवा लागत नाही. चिकटपट्टी ओढली, हात आत घातला. वर टोफू, त्याखाली मोड आलेलं सोयाबीन, सणाच्या उकडीच्या सोंगप्यॉनसाठी तांदळाचं पीठ, चेस्टनट. तळाशी मासळी, आणि मासळीच्या दोन्ही अंगांना बर्फ. एक थैली उचलून ओट्यावर ठेवली. दुसरी उचलली आणि फ्रीजच्या उजेडात धरली, तर तिच्यावर होडी. निळी, छोटीशी, शिडाची होडी. मी खोक्याकडे पाहिलं. पोहराच होता. परत थैलीकडे पाहिलं. बोटं गारठून दुखायला लागली तरी ती खाली ठेवावी असं सुचेना. एखाद्या परक्या बाईची ओढणी आपल्या कपाटात सापडावी तसं वाटलं, आणि लगेच त्याचं हसूही आलं, कारण ही वस्तू परक्या बाईची नव्हती, माझ्या नवऱ्याची होती. माझ्या नवऱ्याची वस्तू माझ्या घरात. यात काय बिघडलं?

बिघडलं होतं ते असं. आमच्या दोन कंपन्या एक व्हायच्या आहेत. गेल्या हिवाळ्यात दोन्ही मालकांनी एकमेकांचा हात धरून फोटो काढले, आणि तेव्हापासून सगळं अडलंय ते सेजोंगमध्ये, स्पर्धा आयोगाच्या दाराशी. दोघी मिळून देशातल्या निम्म्याहून जास्त पहाटा आमच्या हाती येणार. मग टोफूवाल्यानं भाव कुणाला विचारायचा, मासळीवाल्यानं एकाशी पटलं नाही तर माल घेऊन कुणाकडे जायचं, आणि घरोघरच्या अम्मांनी महाग झालं म्हणून रागावून कुणाचं ॲप उघडायचं, हे आयोग तपासतोय. परवानगी मिळेपर्यंत दोन्ही कंपन्यांनी एकमेकींना परकं समजायचं. भाव सांगायचे नाहीत, गाड्या वाटून घ्यायच्या नाहीत, गोदामं जोडायची नाहीत. आमच्या कंपनीच्या वकीलबाई, आडनाव मा, नव्या मुलांना समजावतात, “हे बघा, साखरपुडा झालाय, लग्न नाही. तोवर मुलीचा दात घासायचा ब्रश मुलाच्या घरी सापडता कामा नये.” मुलं हसतात. मीही हसले होते. आता माझ्या हातात तो ब्रश होता, गोठलेला.

आणि आज दुपारी मला सेजोंगला जायचंय. आयोगापुढे जबाब द्यायला. मलाच, कारण मी आतल्या खोलीतली. दोन कंपन्या एक होणार तर कुठे काय वाचेल, काय वाढेल, याचा हिशेब कुणीतरी मांडावा लागतो, आणि तो मांडायचा तर दोघींचीही गुपितं बघावी लागतात. म्हणून काही माणसं निवडतात आणि त्यांना वेगळं काढतात. फोन बाहेर ठेवायचा, पेन आतलंच वापरायचं, बाहेर आलं की आतलं विसरायचं. माझ्या जुन्या टीममधल्या मैत्रिणी, ज्यांच्याबरोबर मी कांद्याच्या भावावरून भांडत जेवले, त्या आता मी आले की हवामानावर बोलतात. मला निवडताना विचारलं होतं, नवरा नारुबेत आहे ना? मी म्हटलं, हो, इचनच्या गोदामाचा प्रमुख. दोघांकडूनही गुप्ततेच्या कागदावर सह्या घेतल्या. मा वकीलबाई म्हणाल्या, “घरी काय बोलता?” मी म्हटलं, “मुलीच्या खोकल्याबद्दल.” त्या म्हणाल्या, “तेवढंच बोला.” उन्हाळ्यात एका दुपारी, त्या बिनखिडकीच्या खोलीत, मी एक तक्ता खाली सरकवत होते. सगळ्या गोदामांची नावं, पुढे येत्या वर्षाचे आकडे. इचनच्या नावापुढे आकडा नव्हता. नुसती आडवी रेघ. मी ती बराच वेळ बघत राहिले असेन, कारण शेजारचा म्हणाला, “बोरा, ठीक आहे ना?” मी म्हटलं, एसी फार आहे.

त्याच आठवड्यात ग्यूहो घरी आला तो हसतच. इचनला घर बघितलं होतं त्यानं, गोदामापासून सायकलच्या अंतरावर. मार्चमध्ये दानबी पहिलीत जाणार. “रात्रपाळी संपवून मी इथे पोचेपर्यंत ती शाळेत गेलेली असेल,” तो म्हणाला, “तिथून मी तिला हात धरून सोडीन. झोपायच्या आधी निदान एवढं तरी.” मला ती आडवी रेघ दिसत होती, त्याच्या कपाळावर, भाताच्या वाटीवर, खिडकीच्या चौकटीवर. सांगितलं तर गुन्हा. न सांगितलं तर आम्ही अशा गावी जाऊन राहणार जिथे जायचं कारणच येत्या वर्षी बंद होणार. मी म्हटलं, जागा किती सुंदर आहे, पण धुकं फार असतं. दुसऱ्यांदा म्हटलं, किती छान अंगण, पण माझी आई लांब पडेल. तिसऱ्यांदा काय म्हटलं ते आठवत नाही, पण त्यालाही असाच ‘पण’ होता. त्यानंतर तो माझ्याशी फार मऊ वागायला लागला. चेस्टनट सोलून माझ्या पुढ्यात ठेवायचा. पायांना तेल चोळायचा. मी डोळे मिटून पडायचे आणि मला वाटायचं, हे बोट घोट्यावरून फिरतंय ते काही शोधतंय का?

दाराच्या कुलपानं आपली चार सुरांची धून वाजवली. मी थैली पटकन फ्रीझरमध्ये, मांदूच्या, गोठवलेल्या उकडकरंज्यांच्या, पिशवीमागे सारली. का सारली? हा प्रश्न मला हात मागे घेतल्यावर पडला.

“उठलीस?” एरवीपेक्षा लवकर आलेला ग्यूहो दारातूनच कुजबुजला. अंगाला पुठ्ठ्याचा वास आणि थंडी.

“खोक्यानं उठवलं.”

“तुमच्या की आमच्या?” हा आमचा जुना विनोद.

“आमच्या. तुझं आलंच नाही.”

“विसरलो बघ. अख्ख्या देशाला नासपती पोचवली, आपल्या घरी नाही. दिव्याखाली अंधार.” तो मोजे काढत ओट्याशी बसला. मी सोयाबीनच्या मोडांचं सार चढवलं. वाफ वर आली. तिच्या आडून मी त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं, डाव्या हाताला खरचटलेलं. हाच माणूस, आमच्या दोघांच्या पहिल्या नोकरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, मी त्याला सनबे म्हणायचे. वयानं नाही, नोकरीत आधी लागलेला म्हणून सनबे. जेवायच्या सुट्टीत तो मला सांगायचा, चेहरा झाकायला शीक, तुझ्या कपाळावर भाव छापून येतो. तेव्हा मी लाजले होते. माणसाला आपला चेहरा वाचणारा हवा असतो, असं वाटायचं तेव्हा.

“बर्फ पुरला का रे काल?” मी सारात पळी फिरवत विचारलं.

त्याचा हात मोज्यावरच थांबला. “का?”

“सहज. सणाचं.”

“दानबीची अम्मा,” तो हळू म्हणाला, “हा प्रश्न घरातला की कंपनीतला?”

घरातला म्हणावं तर माझ्या आवाजात कंपनी होती, आणि कंपनीतला म्हणावं तर हातात पळी. माझा प्रत्येक प्रश्न म्हणजे त्या खोलीच्या दाराला पडलेली फट. मी काय विचारते यावरून मी काय पाहिलंय ते त्याला कळणार. म्हणून गेले कित्येक महिने मी प्रश्न विचारायचेच सोडून दिलेत. दमलास का, विचारत नाही. गोदामाचं काम वाढलंय का, असा अर्थ निघेल. उद्या लवकर येशील का, विचारत नाही. दोन माणसांच्या बोलण्यातून एकेक प्रश्न काढून घेतला की शेवटी काय उरतं? मुलीचा खोकला. आणि दानबीचा खोकला तर केव्हाच बरा झालाय.

तो उठला, हात धुतले आणि फ्रीझर उघडला. “थोडे मांदू टाक सारात, भूक लागलीय.” मी नको म्हणायच्या आत त्याचा हात पिशवीमागे गेला. तो तसाच उभा राहिला. फ्रीझरची पांढरी वाफ त्याच्या चेहऱ्यावरून खाली ओघळत होती आणि त्या वाफेत मला त्याचा चेहरा वाचता येत नव्हता. वाचायला शिकायचं राहूनच गेलं माझं. वाचणारा तो, छापून येणारी मी, अशीच वाटणी झाली होती.

“ही कुठून आली?”

“आमच्या खोक्यातून.”

त्यानं थैली ओट्यावर ठेवली. होडी वर. “तुमच्या योजूच्या गोदामातला बर्फ संपला होता. परवा तिथला प्रमुख स्वतः गाडी घेऊन आला. म्हणाला, सनबे, सकाळपर्यंत सगळी मासळी सडेल, लोकांच्या घरी सणाला पाहुणे आहेत. मी काय करायचं होतं? गाडी भरून दिला बर्फ.”

“सही कुणाची?”

“माझीच. दुसऱ्या कुणाची असणार?” तो हसला, पण अर्धंच. “शेजारीण वाटीभर साखर मागायला आली तर आपण दार लावून घेतो का?”

“साखर द्यायला आयोगाची परवानगी लागत नाही.”

“तेच तर.”

मी सार ओतलं. आत मात्र एकेक दार उघडत चाललं होतं. उसना दिला म्हणतोय. खरंच उसना? की वरून सांगितलं होतं, आतापासूनच चालू करा, कुणाला कळतंय? मी त्या खोलीत एक योजना पाहिलीय, दोन्हीकडच्या गाड्यांच्या वाटा जोडण्याची, आणि तिचा मुहूर्त परवानगीनंतरचा होता. निदान कागदावर. ती योजना त्याला ठाऊक आहे का, हे मी विचारू शकत नाही, कारण विचारणं म्हणजेच सांगणं. आणि ही थैली नेमकी माझ्याच खोक्यात का? आज, नेमकी आज? इतक्या घरांतून माझ्याच घरी? कुणी बघतंय का, की मी सांगते की गिळते? काल मा वकीलबाई शेवटी म्हणाल्या होत्या, “विचारतील तेवढंच सांगायचं. पाहिलं नसेल तर पाहिलं नाही म्हणायचं.” मी विचारलं, “आणि पाहिलं असेल तर?” त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “काय पाहिलंयस?” तेव्हा मी खरंच काही पाहिलं नव्हतं.

“इचनचं घर मी सोडून दिलं,” ग्यूहो साराकडे बघत म्हणाला.

“कधी?”

“उन्हाळ्यातच. तू तिसऱ्यांदा म्हणालीस ना, परसात पेरूसारखं काय ते झाड, किती गोड, पण. तेव्हाच.” त्यानं चमचा खाली ठेवला. “आई काय म्हणते माहीतेय? गेल्या सणाला आपण पत्ते खेळत होतो तेव्हा मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, अरे, तुझ्या बायकोला चांगलं पान आलं की ती गप्प बसते, आणि वाईट आलं की मधाळ बोलते. बघून खेळ.”

माझ्या हातातली पळी साराच्या भांड्यात बुडाली. “मी काही सांगितलेलं नाही तुला.”

“नाही.”

“एक शब्दसुद्धा नाही.”

“नाहीच. म्हणून तर कळलं.” तो माझ्याकडे बघत नव्हता. “घाबरू नकोस. कुणाला काय सांगणार मी? बायको गोड बोलली म्हणून गोदाम बंद पडणार, असं? हसतील लोक. पण आता मलाही तोंड सांभाळावं लागतं. मासळीच्या टेबलावरच्या बायका सांगतात, प्रमुखसाहेब, पुढच्या सणाला आम्हाला पंखे द्या हं. मी म्हणतो, देऊ की, मोठे देऊ, किती छान दिसतील इथे पंखे.” त्यानं डोळे चोळले. “मधाळ बोलतो.”

मला रडू आलं आणि ते मी आवरलं. आवरताना वाटलं, हे सगळं तो मला खरं सांगतोय, की असं मऊ मऊ सांगून मला आपल्या बाजूला ओढतोय? दुपारी त्याची सही मी उघडी पाडू नये म्हणून? किती वाईट आहे मी. आणि वाईट नसेन तर किती मूर्ख आहे. काही महिन्यांमागे हा विचार आला असता तर मी स्वतःच्या तोंडात मारून घेतली असती. आता तो येतो आणि चपला काढून घरात बसतो, पाहुण्यासारखा नाही, घरच्यासारखा.

“दुपारी विचारलं तर काय सांगशील?” तो म्हणाला.

“मा वकीलबाई म्हणतात—”

“मी मा वकीलबाईंना नाही विचारत.”

तेवढ्यात दानबी उठून आली. आज बालवाडीत चुसॉकचा सोहळा, हानबोक घालून जायचं. पिवळा झगा, गुलाबी चोळी, आणि केस विसकटलेले. ती ओट्याशी आली, टाचा उंचावून थैलीवर नाक टेकवलं. “अप्पाचं खोकं आलं?”

“नाही गं,” मी म्हटलं.

“मग अप्पाचा बर्फ?”

“अम्माच्या खोक्यात आला.”

ती विचारात पडली. मग तिचा चेहरा उजळला. “म्हणजे हा काक्तुगी!”

ग्यूहो खूप दिवसांनी मोठ्यांदा हसला. मुलांच्या खेळात दोन बाजू पाडल्यावर एखादं चिमुरडं उरतं. त्याला हाकलत नाहीत, काक्तुगी असं मुळ्याच्या किमचीतल्या फोडीचं नाव देतात आणि दोन्हीकडून खेळू देतात. ते बाद होत नाही, त्याचा गुण कुणी धरत नाही. “आणि तुला कुणी सांगितलं काक्तुगीचं?” त्यानं तिला मांडीवर घेतलं.

“आज रस्सी ओढायचीय. मी लहान ना, मी काक्तुगी. बाईंनी सांगितलं, तू इकडून पण ओढ, तिकडून पण ओढ.”

मी तिच्या चोळीचे बंद बांधत होते. ते दोन बंद एकमेकांत अडकवून एकच फास सोडायचा असतो, मला तो नीट कधी जमत नाही. आजही वाकडा बसला. ग्यूहोनं माझ्या हातातून काढून घेतला, सोडला, परत बांधला. मी आत जाऊन कपडे केले. बाहेर आले, थैली उचलली. अजून दगडासारखी घट्ट. टॉवेलात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवली. हे करताना मी काही ठरवलं असं नाही, हातांनी ठरवलं. विचारतील तेवढंच सांगायचं तर निदान विचारतील तेव्हा माझ्यापुढे ती असावी, माझ्या कपाळावर आधीच छापलेलं वेगळं काढून टेबलावर ठेवता यावं. पिशवी बंद करून वर बघितलं तर ग्यूहो दारात उभा. सगळं पाहिलेलं. त्याच्या हातात दुसरा टॉवेल होता, दानबीच्या आंघोळीचा, जाड.

“एका टॉवेलात सेजोंगपर्यंत टिकणार नाही,” तो म्हणाला. “बर्फ माझा धंदा आहे.”

पिशवी त्यानंच उघडली. थैली काढली, जाड टॉवेलात गुंडाळली, कडा आत दुमडल्या, बाळाला गुंडाळतात तशा, आणि परत ठेवली. मी त्याच्या बोटांकडे बघत होते. ही माया की डाव? सांग आणि मोकळी हो म्हणतोय, की मी सांगणार नाही याची खात्री आहे म्हणून एवढा मोकळा? तो माझ्या डोळ्यांत काही शोधत नव्हता. पहिल्यांदाच नव्हता शोधत. आणि मला तेही खटकलं.

खाली बसच्या थांब्यावर ऊन अजून कोवळं होतं. सगळी मुलं रंगीबेरंगी, झगे उचलून धावताहेत. समोरच्या आजी आपल्या नातवाला घेऊन उभ्या, दानबीकडे बघून म्हणाल्या, “अगं बाई, नवरीच दिसतेस! कुणी बांधला एवढा सुरेख बंद?” दानबी म्हणाली, “अप्पानं. अम्माचा वाकडा होतो.” आजी माझ्याकडे बघून हसल्या आणि मी हसले, अगदी मधाळ. खांद्यावरच्या पिशवीतून गारवा बरगड्यांना लागत होता. दोन टॉवेलांतूनसुद्धा. वर आमच्या खिडकीत ग्यूहो उभा असेल की झोपला असेल, हे मान वर करून बघायचं मी टाळलं.

बस वळणावर दिसली. दानबीनं माझा हात ओढला. “अम्मा.”

“काय गं?”

“रस्सी ओढून झाली ना, की जिंकलेले एकीकडे नाचतात. हरलेले एकीकडे बसतात.” तिनं झग्याची चूण मुठीत धरली होती. बस थांबली, दार उघडलं, बाईंनी हात पुढे केला. ती हललीच नाही. “मग तेव्हा मी कुठे उभी राहू?”